घरीच तर आहेस की!

सल्ला मागणारं हे पत्र आणि त्याला मी दिलेलं उत्तर जुलै २०२१ मधलं, कोरोनाच्या काळातलं. पत्र लिहिणाऱ्या ताई बेळगाव शहरात राहतात. वय ३६. एका खासगी शाळेत ८ वर्षं प्राथमिकच्या वर्गांना शिकवतात. पगार ९,००० रुपये होता. २०२० च्या टाळेबंदीत शाळेनं तो निम्म्यावर आणला, तो अजून तिथंच आहे. यजमान उद्यमबागेत एका फाउंड्रीत, सकाळी ७ ते दुपारी ३ च्या पाळीला. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत, दोघंही मराठी शाळेत. सासूबाईंना मे महिन्यात कोरोना होऊन गेला, अजून जिना चढताना दम लागतो. धुणं-भांड्याच्या मावशी गेल्या वर्षीच बंद केल्या. चंदगड तालुक्यातली आई पूर्वी गरज पडली की येऊन राहायची. आता महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या शिनोळीच्या नाक्यावर कोरोना चाचणीचा अहवाल मागतात म्हणून तिचंही येणं थांबलंय.

ताई लिहितात: “पहाटे साडेचारला उठते. ९ ते १२ ऑनलाइन तास घेते, तेही ओट्यावर फोन टेकवून, कारण रेंज तिथंच मिळते. घरात फोन दोन, त्यातला एक ह्यांच्याबरोबर कामावर जातो. माझ्या तासाच्या वेळीच माझ्या मुलाचा तास असतो, तो बुडतो. मी शिकवत असताना आत्या, म्हणजे सासूबाई, हाक मारतात, ‘घरीच तर आहेस की, जरा दूध बघ.’ मुलगी शहाणी आहे, न सांगता भाकऱ्या करते, भांडी घासते. हे वाईट नाहीत, पहिल्या लॉकडाउनमध्ये मदत करायचे. पण आता म्हणतात, ‘साडेचार हजारासाठी एवढा जीव कशाला काढतेस? सोड नोकरी.’ शाळा आता प्रत्यक्ष यायला सांगणार आहे. मी राजीनामा लिहून ठेवलाय. रात्री वाटतं, बाकीच्या बायका करतातच की सगळं, मीच कुठं तरी कमी पडते. काय करू?”

ताई,

राजीनामा लिहिलाय पण दिलेला नाही, हे वाचून मला हायसं वाटलं. तो सध्या कपाटात साड्यांच्या घडीखालीच राहू दे. नोकरी सोडूच नका असं मी म्हणणार नाही, त्याकडे पुढं येतेच. पण पहाटे साडेचारपासून उभ्या असलेल्या बाईनं रात्री उशिरा घेतलेला निर्णय बऱ्याचदा तिनं घेतलेला नसतो, तिच्या अपुऱ्या झोपेनं घेतलेला असतो.

तुम्हांला वाटतंय की प्रश्न एकच आहे, ठेवू की सोडू. मी पत्र दोनदा वाचलं आणि मला टोचलं ते शेवटचं वाक्य. ‘मीच कुठं तरी कमी पडते.’ तिथूनच सुरुवात करू.

२०१९ च्या जुलैतला एखादा साधा मंगळवार आठवा. सकाळी रिक्षावाले मामा दारात. पोरं चार-पाच तास शाळेत, मुलीचं दुपारचं जेवणही बहुधा तिथंच. मावशी येऊन तासाभरात धुणं-भांडी उरकून जायच्या. संध्याकाळी शिकवणीच्या बाई असतील. पोराला ताप आला की चंदगडहून आई पिशवी घेऊन हजर. आणि तुम्ही स्वतः शाळेच्या इमारतीत, जिथं दूध उतू जाण्याची भीती नव्हती. मोजून बघा, तुमचं घर किती हातांवर चालत होतं. मार्च २०२० पासून त्यातला एकेक हात निघून गेला. काम मात्र गेलं नाही, उलट वाढलं. पाच माणसं तिन्ही त्रिकाळ घरात जेवायला. भाज्या धुवा, दुधाच्या पिशव्या पुसा, फोन पुसा. मे महिन्यात सासूबाईंची वेगळी खोली, वेगळं ताट, वाफ, दर चार तासांनी ऑक्सिमीटर. तेव्हा आपल्या जिल्ह्यात टाळेबंदी २१ जूनपर्यंत लांबली होती, इतर बऱ्याच जिल्ह्यांत ती आठवडाभर आधी सैल झाली. ते सगळे दिवस तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलेत. सात-आठ माणसांच्या जागी एकटं माणूस उभं केलं आणि ते पुरं पडलं नाही, तर उणीव त्या माणसात होती असं म्हणायचं का?

‘बाकीच्या बायका करतातच की’ हेही जरा तपासून बघा. तुमच्या आत्यांनी केलं, हे खरंच. पण त्यांना विचारा, घरात जावा किती होत्या. एक चुलीपाशी, एक विहिरीवर, एक पोरांकडं. आजारी पडली तर दुसरी उभी राहायची. त्या घराचे हिशेब आज दोन खोल्यांच्या, एका बाईच्या घराला लावून कसं चालेल? हे त्यांना भांडणात नको, सहज बसल्या असताना विचारा. माझा अनुभव असा की जावांची गोष्ट निघाली की सासवा खुलतात. मग ‘आम्ही नाही का केलं’ याच्या जागी ‘तेव्हा थोरली होती म्हणून निभलं’ असलं काहीतरी बाहेर पडतं.

आता ते ‘घरीच तर आहेस की’. माझ्या मते तुमच्या सगळ्या त्रासाचं मूळ या चार शब्दांत आहे, आणि ते कोरोनानं आणलेलं नाही. वर्क फ्रॉम होमचं कौतुक बंगळूर-पुण्याच्या लोकांना नवं. आपल्या भागात निपाणीकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरात बसून विड्या वळतात. वडगाव, शहापूर, खासबागेत माग घरातच. मी वडगावची. सोप्यात माग, मागच्या खोलीत चूल, आणि दोन्हींच्या मध्ये चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेली माझी आई. कांडी नसेल तर धोटा रिकामा आणि माग गप्प. तरी कुणी विचारलं तर वडील सांगायचे, “मी विणतो, ही मदत करते.” तीच आई आजारी पडली आणि वडिलांनी चार दिवस भात शिजवला, तर तेव्हाही गल्लीत चर्चा अशी की, “मामा घरात मदत करतात हो!” म्हणजे मागावर काम त्यांचं आणि मदत आईची, चुलीपाशी काम आईचं आणि मदत त्यांची. हे लक्षात यायला मला पन्नाशी उजाडावी लागली. तुमच्या पत्रातही ‘मदत करायचे’ हाच शब्द आहे, बघा. मदत करणारा कधीही थांबू शकतो. फाउंड्री सुरू झाली आणि तुमच्या यजमानांची मदत थांबली. काम ज्याच्या नावावर असतं त्याला तशी सोय नसते.

म्हणून त्यांच्याकडं जास्त मदत मागू नका. काही कामं त्यांच्या नावावरच करून टाका. ते कसं, हे सांगते, पण त्याआधी एक वही लागेल.

सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेची पाहणी केली होती. लोक दिवसभर कशाकशात वेळ घालवतात याची. पद्धत साधी होती. घरातल्या माणसाला आदल्या दिवशीचा हिशेब विचारायचा, पहाटे ४ पासून दुसऱ्या पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासानं. त्यातून निघालं की घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. जे पुरुष ते करतात त्यांची ९७. आणि मुळात त्या दिवशी घरातलं काहीही काम केलेले पुरुष शंभरात २६ च होते, बायका ८१. ही सगळी महामारीच्या आधीची, शाळा आणि मावश्या चालू असतानाची गोष्ट. मुलांचा सांभाळ, आजाऱ्याची सेवा हे त्यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय.

तुम्ही शिक्षिका आहात, वहीला रेघा मारणं तुम्हांला मी काय शिकवायचं? पोराची गेल्या वर्षीची अर्धी कोरी वही काढा. घरातल्या पाचही माणसांना एकेक रकाना, पोराला आणि आत्यांनासुद्धा. पहाटे ४ पासून अर्ध्या अर्ध्या तासाची ओळ. तीन दिवस भरा, त्यातला एक पाणी यायचा दिवस असू दे. आपल्या शहरात ज्या भागांना चोवीस तास पाण्याची योजना मिळाली ते नशीबवान, बाकीच्यांची पाण्याच्या दिवशी काय धांदल असते ते मी सांगायला नको. टोमणा म्हणून वही भरू नका, आणि स्वतः एकटीनंही भरू नका. ज्याचा रकाना त्यानं भरायचा. रविवारी, यजमानांचं जेवण झाल्यावर, मध्ये ठेवायची. काही बोलायची गरज पडत नाही, असं ज्यांनी करून बघितलं त्या सांगतात. एका बाईंच्या नवऱ्यानं तर स्वतःच्या रकान्यात ‘विश्रांती’ हा शब्द सात वेळा आला म्हणून दोन ठिकाणी खोडून ‘बातम्या’ लिहिलं होतं.

मग वाटणी. यजमान तीन वाजता सुटतात म्हणजे साडेतीन-चारला घरी. पाण्याचा दिवस पूर्ण त्यांचा. पूर्ण म्हणजे, आज पाणी आहे हे लक्षात ठेवण्यापासून पिंप घासून झाकण लावेपर्यंत. रोज संध्याकाळी ५ ते ७ पोराचा अभ्यास त्यांचा, आणि तेव्हा त्यांचा फोनही पोराचा. रात्रीची भांडी त्यांची. अर्धं काम देऊ नका. “जरा भाजी आणता का, यादी मी देते” यात यादी करण्याचं ओझं तुमच्याच डोक्यावर राहतं. भाजी त्यांची म्हटल्यावर कोथिंबीर आणायला विसरले तर त्या दिवशी कोथिंबिरीशिवाय आमटी. आणि त्यांनी घासलेल्या भांड्याला फेस राहिला तर ते त्यांच्या समोर पुन्हा घासू नका. मी घासायची. दहा वर्षं त्यात गेली, आणि आमच्याकडं भांडी शेवटपर्यंत माझ्याच नावावर राहिली.

‘बाप्या माणूस कपडे वाळत घालतो’ म्हणून शेजारी बघतील ही काळजी असेल तर सध्याच्या पावसात ती मिटलीच आहे. जुलैत बेळगावात कुणाचे कपडे बाहेर वाळतात? आतल्या खोलीत दोरी बांधलीच असेल.

आत्यांना बसून करण्याजोगं काम द्या. भाजी निवडणं, शेंगा फोडणं, नातवाकडून पाढे म्हणून घेणं. आजारातून उठलेल्या माणसाला नुसतं खाटेवर बसवलं की त्याला हाका मारण्याखेरीज काम उरत नाही. आणि ९ ते १२ या वेळात दूध गॅसवर चढवूच नका. ते साडेआठला तापवून ठेवा किंवा १२ नंतर. फोन ओट्यावर टेकवता म्हणून तुम्ही ओट्यापाशी दिसता, आणि ओट्यापाशी दिसलेली बाई मोकळीच असते असं घराला वाटतं. रेंज तिथंच मिळत असेल तर पाठ गॅसकडं आणि तोंड खिडकीकडं करून खुर्ची टाका, साडी नीट नेसा, गळ्यात शाळेचं ओळखपत्र घाला. हसू नका. एका बालवाडीच्या बाईंनी हे केलं आणि त्यांची सासू तेवढा वेळ कुजबुजून बोलायला लागली.

काही कामं मात्र कुणाच्याच नावावर टाकू नका, सोडून द्या. रोजची फरशी, इस्त्री, दुसरी भाजी. पुढच्या महिन्यात श्रावण येतोय, पंचमीचे लाडू, मग गौरी-गणपती. या वर्षी लाडू बचत गटाच्या बायकांकडून घ्या. जोंधळ्याच्या कडक भाकऱ्याही आपल्याकडं विकत मिळतात, पंधरवडाभर सहज टिकतात. विकतची भाकरी म्हटल्यावर आत्यांच्या कपाळाला आठी पडेल. पडू दे, त्या भाकरीमागंही घर चालवणारी बाईच असते.

भाकरीवरून आता त्या वाक्याकडं येते, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. ‘मुलगी शहाणी आहे, न सांगता भाकऱ्या करते.’

ताई, मुलाचा तास बुडतो हे तुम्ही लिहिलंत. मुलीचा तास किती वाजता असतो, हे पत्रात नाही. तिला फोन कधी मिळतो हेही नाही. घरात एकच फोन दिवसभर असतो, तो ९ ते १२ तुमच्याकडं, उरलेल्या वेळात दुसरीतल्या भावाचा बुडालेला अभ्यास भरून काढायला. मग आठवीतली मुलगी शिकते कधी? दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर शाळेचे पाठ दाखवतात ते कन्नडमधून. मराठी माध्यमाच्या पोरीला त्यातलं गणित कळेल, इतिहास-विज्ञान जड जातं. तुम्ही ओझ्याखाली वाकलात तेव्हा त्या ओझ्यातलं थोडं तिनं न बोलता उचललं, आणि आपण सगळ्यांनी तिला ‘शहाणी’ म्हटलं. मला या शब्दाची भीती वाटते. मीही शहाणी होते. कांड्या भरायला बसले आणि सातवीची परीक्षा एका वर्षानं पुढं गेली.

घरातलं काम मुलीनं करूच नये असं मी म्हणत नाही. तिनं करावं आणि तिच्या भावानंही करावं. सात वर्षांचं पोर लसूण सोलतं, पाण्याच्या बाटल्या भरतं, सुकलेले कपडे घडी करतं. वहीत त्या दोघांचे रकाने शेजारी शेजारी ठेवा म्हणजे काय ते दिसेल. आणि पहिला खर्च म्हणून एक वापरलेला, साधा स्मार्टफोन घ्या. तो मुलीच्या नावाचा. तुमचा एक-दीड महिन्याचा आताचा पगार जाईल, जाऊ दे.

आता यजमानांच्या साडेचार हजारांकडं. त्यांचं गणित चुकीचं नाही, अपुरं आहे. घर सांभाळण्याची किंमत नेहमी बाईच्याच पगारातून वजा होते, बापाच्या पगारातून कधी होत नाही. मुलं तर दोघांची. आणि गेल्या वर्षी एप्रिल-मेमध्ये फाउंड्री बंद होती तेव्हा दूधवाल्याचे आणि किराणाचे पैसे कुणाच्या खात्यातून गेले, ते पासबुकात बघा. पत्रात नाही, पण माझा अंदाज आहे. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघातात गेलेल्या एका जोडप्याच्या विमा भरपाईचा निकाल दिला, ‘कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स’ म्हणून. त्यात न्यायमूर्तींनी वर सांगितलेले २९९ आणि ९७ मिनिटांचे आकडेच मांडले आणि गृहिणीच्या कामाला पैशांत किंमत असते हे पुन्हा ठासून सांगितलं. म्हणजे नोकरी सोडून तुम्ही घरी बसलात तरी फुकट बसणार नाही, हेही यजमानांच्या कानावर असू दे.

पण यापेक्षा रोकडी गोष्ट दुसरी आहे, आणि ती खासगी शाळेतल्या प्रत्येक बाईंनी ऐकावी. तुमची ८ वर्षं झाली. पाच वर्षांपुढं नोकरी झाली की शिक्षकांनाही ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा हक्क आहे, दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या शाळांना तो लागू आहे. ती मिळते शेवटच्या पगारावर. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून, दर वर्षाला १५ दिवसांची, महिना २६ दिवसांचा मानून. ९,००० धरले तर ८ वर्षांचे सुमारे ४१,५०० रुपये होतात. आज, पगार कागदावर ४,५०० असताना राजीनामा दिलात, तर शाळा २०,७०० च्या आसपास रक्कम काढून मोकळी होईल. तेव्हा आधी बघा, पगारकपातीचं पत्र दिलंय का, पावतीवर काय लिहिलंय. पीएफ कापत असतील तर आणखी एक. त्यातली मासिक पेन्शन मिळायला एकूण १० वर्षांची नोकरी लागते. तुम्ही दोन वर्षं अलीकडं उभ्या आहात. सोडलीच तर पेन्शनचे पैसे काढून घेण्याऐवजी पेन्शन योजनेचं प्रमाणपत्र घ्या, म्हणजे पुढं दुसऱ्या शाळेत लागलात की आधीची वर्षं जोडता येतात.

शाळेशी बोलताना एकट्या जाऊ नका. एकटीनं विचारलं की “मॅडम, परिस्थिती बघताय ना” एवढंच उत्तर मिळतं. चार-पाच जणींनी मिळून, लेखी, दोनच गोष्टी मागा: प्रत्यक्ष बोलावणार असाल तर पगार पूर्ववत कधी, आणि लहान मुलं घरी असलेल्या शिक्षिकांना आठवड्यातले काही दिवस ऑनलाइनची मुभा. तुमच्या मुलाचा तास ज्या वेळेला आहे तेवढाच तुमचा तास दुपारी सरकवता येतो का, हे तर उद्याच विचारण्यासारखं आहे. दीड वर्षात तुम्ही ते विचारलं नसावं असं मला वाटतं. बायका नवऱ्याला आणि हेडबाईंना शेवटी विचारतात, आधी पहाटेची झोप कापतात. एवढं करून जमलं नाही, तर राजीनाम्याऐवजी तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागा, लेखी.

प्रत्यक्ष जावं लागलं तर पोराकडं कोण बघणार? मुलीकडं ते सोपवू नका, एवढं माझं ऐका. ऑगस्ट २०२० मध्ये कर्नाटकातल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांनी विद्यागम योजनेचे वर्ग देवळात, समाजमंदिरात, झाडाखाली घेतले होते. ऑक्टोबरमध्ये ते थांबवावे लागले, पुन्हा जानेवारीत सुरू झाले. ती कल्पना गल्लीपुरती वापरा. चार घरांची चार-पाच पोरं, उघडा सोपा किंवा गच्ची, तोंडाला मास्क, आणि रोज एका घरातलं मोठं माणूस. तुमची पाळी शनिवारी. त्या चारांत दोन बाप असले तर उत्तमच.

मावशींना परत बोलवा. त्यांची लस झाली का विचारा, नसेल तर तुमच्या फोनवरून नोंदणी करून द्या. आल्यावर हात धुणं, मास्क, खिडक्या उघड्या, एवढं पुरे. त्यांना बंद केलं तेव्हा किती दिवसांचा पगार दिला होता, हे मी विचारत नाही. पण त्याही नोकरी करणारी आईच आहेत आणि त्यांच्या घरी तर एकही फोन नसेल. आईला चाचणी करून एकदा आणाच. कामासाठी नको. चार दिवस नुसतं तिच्याजवळ बसा.

यातलं सगळं करूनही नोकरी सोडावी असं वाटलं तर? वाटू शकतं. तुम्हांला शिकवायला आवडतं का, हे तुमच्या दोन पानांत कुठंच नाही. आवडत नसेल, किंवा आत्यांची तब्येत खरंच कुणाच्या सोबतीशिवाय राहण्याजोगी नसेल, तर सोडा आणि अपराधी वाटून घेऊ नका. फक्त दोन गोष्टी आधी ठरवा. दर महिन्याला तुमच्या स्वतःच्या खात्यावर किती रक्कम पडणार, आणि कोणत्या तारखेला या निर्णयाकडं पुन्हा बघायचं. आणि घरी राहिलात तरी पाण्याचा दिवस यजमानांचाच.

गेल्या दोन महिन्यांत अशी पत्रं नर्सताईंची आली, आशा कार्यकर्तीची आली, एक तर गोकाककडून हिशेबनीस बाईंचं. ज्यांच्या ठिकाणी ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत त्यांनी लक्षात ठेवा, प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं तिथं पाळणाघराची सोय बंधनकारक केली. असते का, हा प्रश्न वेगळा. पण विचारल्याशिवाय ती होणारही नाही. आणि ज्यांना पंधरा-पंधरा दिवस झोप लागत नाही, कारण नसताना रडू येतं, त्यांनी ते थकव्यावर ढकलू नये. डॉक्टरांना दाखवावं. केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीवर मराठीतूनही बोलता येतं आणि कन्नडमधूनही.

ताई, वही या रविवारपासून सुरू करा. तीन दिवस झाले की मला पुन्हा लिहा. सगळं नको, मुलीच्या रकान्यात सकाळी ६ ते १० काय आलं, तेवढं कळवा.